उझुन-बेलचं गवत

"परत संपली. परवा आणलेली, आणि परत संपली," जेक्शेन पुटपुटला. जांभळ्या रंगाची नळी त्याने शेपटापासून गुंडाळत पार तोंडापर्यंत आणली होती आणि आता तो तिला कुंचल्याच्या दांडीने लाटत होता. "दुकानदार विचारतो, तुमच्या गावात जांभळा रंग पोळीला लावून खातात काय? पिवळ्या नळ्या पडून पडून दगड झाल्यात त्याच्याकडे. म्हणतो, पिवळ्या तरी न्या, एकावर एक फुकट देतो."

त्याचं कोपर झुराकानच्या कोपराला जवळजवळ चिकटलं होतं, म्हणून तिला ऐकू गेलं. आपल्या नळीतला वाटाण्याएवढा रंग तिने त्याच्या रंगाच्या पाटीवर पिळून दिला आणि गप्प बस अशी खूण केली. जेक्शेन पोलिसातून निवृत्त झालेला गडी. रक्तदाब उतरावा म्हणून डॉक्टरांनी त्याला चित्रं काढायला सांगितलं होतं, पण रंगाची नळी संपली की त्याचा रक्तदाब हमखास चढायचा.

तोर-बुलाक गावच्या संस्कृती भवनात वरच्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. खाली कुस्तीची पोरं एकमेकांना आपटायची, तेव्हा वर टर्पेंटाइनच्या वाट्या थरथरायच्या. भिंतीवर, काचेमागे, एका जुन्या सोव्हिएत साप्ताहिकाचं मधलं पान लावलेलं होतं: 'उझुन-बेलची संध्याकाळ'. थोर चित्रकार बाइझाकचं थोर चित्र. उन्हाळी कुरणाचा उतार, नमद्याचे दोन गोल तंबू, धुराची एक रेघ, मान खाली घालून चरणारा घोडा, आणि मागे बर्फाची धार. आणि गवत. सगळं गवत जांभळं. एखाद-दुसरी छटा नव्हे, दुधात मनुक्यांचा मुरंबा सांडावा तसा अख्खा उतार फिकट जांभळा.

सागिनाली आगायकडे, म्हणजे गुरुजींकडे, जो कोणी तैलरंग शिकायला आला, त्याने हेच चित्र काढायचं. सुरई नाही, सफरचंद नाही. सफरचंद खायचं असतं, आगाय म्हणायचे. कॅनव्हासला पहिल्या पांढऱ्या लेपाचं अस्तर देण्यापासून घोड्याच्या आयाळीवरच्या शेवटच्या ठिपक्यापर्यंत हेच एक चित्र, पुन्हा पुन्हा, मनासारखं होईस्तोवर. मनासारखं झालं की आगाय ते उलटं करायचे आणि मागच्या कापडावर सही करायचे. ती सही म्हणजे पास. पुढे माणूस मोकळा, हवं ते रंगवावं. पण इतकी वर्षं तेच रंगवल्यावर माणसाला दुसरं काय हवं होणार? तोर-बुलाकच्या बस थांब्याची भिंत जांभळी. बालवाडीचं फाटक जांभळं. मधाच्या बरणीवरचं लेबल जांभळं. लग्नाच्या हॉलमधला पडदाही तसाच, त्यामुळे निम्म्या गावाच्या लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी गुडघाभर जांभळ्या गवतात उभे.

आगाय वाईट शिक्षक होते असं मात्र कोणी समजू नये. कुंचला शेवटाला धरायला त्यांनी शिकवलं, म्हणजे मनगटाऐवजी खांदा चालतो. डोळे बारीक करून बघायला शिकवलं, म्हणजे फांद्या नाहीशा होतात आणि झाड उरतं. आधी पातळ रंग, मग तेलकट. उलटं केलंस तर वर्षभरात भेगा पडतील आणि मला शिव्या घालशील. आभाळ आधी, कारण खालचं सगळं आभाळावर ठरतं. सावलीला एकदाच हात लावायचा. दुसऱ्यांदा लावलास तर ती चिखल होते. हात थरथरत असले तरी त्यांनी कोणाच्याही चित्रात नुसता अंगठा फिरवला की तिथे धुकं उतरायचं. ते बघून झुराकानला भूक लागल्यासारखं व्हायचं.

तिचं गवत मात्र त्यांना पटत नव्हतं. आभाळ चांगलं, घोडा चांगला, डोंगर तर उत्तम. पण गवतापाशी आले की ते थांबायचे, नाकातून श्वास सोडायचे.

"मेलेलं आहे," ते म्हणायचे. "तुला ते दिसत नाही, झुराकान. तू नुसतं मान्य करतेस."

आणि हे खरं होतं, हीच तर बोच होती.

सतरा वर्षांची असताना ती ह्याच खोलीत, ह्याच कागदासमोर बसली होती. तेव्हा देश दुसरा होता आणि राजधानीच्या कला विद्यालयात जिल्ह्यातून एकच मूल पाठवायचं असे. कोणाला पाठवायचं ते सागिनाली आगाय ठरवायचे. परीक्षा एकच: हे चित्र. झुराकानने काढलं आणि गवत पिवळं केलं. मुद्दाम नव्हे. तिचा बाप उझुन-बेलवर मेंढ्या चारायचा, तिचे सगळे उन्हाळे त्याच उतारावर गेले होते. श्रावण सरल्यासारखे दिवस आले की ते गवत असं पिकायचं की संध्याकाळी घोड्याचं पोटसुद्धा खालून उजळून निघायचं. कागदावर जांभळं दिसत होतं, पण तिला वाटलं कागदाचं काहीतरी चुकलंय. इतकं साधं.

आगायनी तिच्या चित्राकडे फार वेळ पाहिलंसुद्धा नाही. रंगाची जाण नाही, ते म्हणाले, आणि दुसऱ्याला पाठवलं. तो मुलगा दोन वर्षांत परत आला आणि आता टायर विकतो. झुराकान शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तिथेच तिचे केस पांढरे झाले. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला. कधीकधी डाळीच्या पातेल्यात पळी फिरवताना तिला वाटायचं, आपण गेलो असतो तर? मग स्वतःच हसायची. गेलो असतो तर आपणही टायर विकले असते, कोण जाणे. पण ते आपलं आपण विकले असते.

निवृत्त झाली त्याच्या पुढच्याच आठवड्यात ती वर्गात आली. आगायनी चष्म्यावरून पाहिलं, नाव विचारलं, कोणाची मुलगी ते विचारलं, "हं" म्हणाले आणि हातात कुंचला दिला. त्यांना आठवत होतं की नाही, तिला कळलं नाही. तिने विचारलंही नाही. विरंगुळा म्हणून जाते, असं ती सगळ्यांना सांगायची. पोटच्या मुलीलाही तिने खरं सांगितलं नव्हतं. तिला ती सही हवी होती. ज्या हाताने एकदा नाही म्हटलं, त्याच हाताने हो म्हणावं, मागच्या कापडावर, शाईने. बाकी काही नको होतं.

वसंतात तिच्या मुलीला, कुन्दुझला, मुलगा झाला. पाळण्याच्या समारंभाला झुराकान राजधानीला गेली. पाहुणे पांगल्यावर कुन्दुझ म्हणाली, चल आई, तुझं ते चित्र दाखवून आणते, इतके दिवस त्याच्या मागे लागलीयेस.

संग्रहालयात त्या दोघी, मांडीवर विणकाम घेऊन बसलेली एक पहारेकरीण, आणि भिंतीवर उझुन-बेल.

चित्र तिला वाटलं होतं त्याहून लहान होतं. आणि गवत पिवळं होतं.

पिकलेलं, दाट, खालून उजळलेलं पिवळं. घोड्याच्या पोटावर तोच उजेड. इतका ओळखीचा की तिला बापाच्या अंगाचा वास आला, मेंढीच्या चरबीचा आणि धुराचा. झुराकान किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिने पहारेकरणीला विचारलं, बाई, ह्याला नव्याने रंग दिलाय का?

"मी इथे बसतेय तेव्हापासून हे असंच आहे," पहारेकरीण टाके मोजता मोजता म्हणाली. "रंग कोण देणार, मी?"

कुन्दुझ छापखान्यात कामाला होती. बाहेर बाकावर बसून आईचं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, हे तर आमच्याकडे रोजचं आहे. चार शाया एकावर एक बसतात तेव्हा चित्र होतं. पिवळी कमी पडली की असंच होणार. परवाच आमच्या एका जाहिरातीत केळी गुलाबी झाली. आणि ती हसली. मग आईकडे पाहून तिचं हसू विरलं, कारण झुराकान हसत नव्हती. ती दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसली होती आणि ते हात जणू दुसऱ्या कोणाचे असावेत तशी त्यांच्याकडे बघत होती. एका छापखान्यात एका दिवशी पिवळी शाई कमी पडली. तेवढ्यावर तिची अख्खी उमर शाळेच्या स्वयंपाकघरात गेली.

परत आल्यावर तिने आधी जेक्शेनला सांगितलं. तो कॅनव्हासला अस्तर देत होता. त्याने हात थांबवला आणि दाराकडे पाहिलं. हळू बोल, म्हणाला. त्याने ते चित्र केव्हाच पाहिलं होतं, पोलीस प्रशिक्षणाला गेला तेव्हा. खिडकीजवळ बसणाऱ्या उम्सुनायनेही पाहिलं होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि दर वर्षी सहल घेऊन जायची. पोरांना त्या दालनातून ती पळवतच नेते, असं तिने खाली मान घालून सांगितलं. भवनाच्या व्यवस्थापकाने पाहिलं होतं. जिल्हाप्रमुखाने पाहिलं होतं. आधी प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच माहीत आहे. मग प्रत्येकाला कळलं, सगळ्यांनाच माहीत आहे. आणि मग ते शेजाऱ्याच्या तोतरेपणासारखं झालं. कानावर पडतं, कोणी बोलत नाही.

फक्त आगायनी ते पाहिलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी आपली चित्रं राजधानीच्या चित्रकार संघाकडे पाठवली होती. संघाने ती परत पाठवली, गावठी हौस म्हणून. तेव्हापासून त्या शहरात पाऊल ठेवणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली होती आणि पाळलीही होती. मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी हट्टाने इकडे आणवलं.

मग सांगत का नाही कोणी, झुराकानने विचारलं.

"तू सांग की," जेक्शेन म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "मी जन्मभर लोकांकडून कबुल्या घेतल्या, झुराश. पण ह्या म्हाताऱ्यासमोर माझी जीभ उचलत नाही."

झुराकानची उचलणार होती. वर्ग संपताच ती तडक आगायच्या घरी गेली. आगाय घरात डुलकी घेत होते. त्यांची बायको, सगळ्या गावाची बात्मा एजे म्हणजे थोरली ताई, अंगणात चुलीपाशी बसून जरदाळूंचा मुरंबा ढवळत होती. झुराकानचा चेहरा बघून तिने कढई उतरवली.

"पाहून आलीस," ती म्हणाली.

तिने चहा ओतला, दूध घातलं, नान मोडून पुढे ठेवला. मग सांगितलं. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला ती राजधानीला गेली होती, तेव्हा तिनेही पाहिलं. नवरा येणार नाही, आपण तरी त्याच्या वतीने नमस्कार करून यावा म्हणून गेली होती. घरी आल्यावर त्यांनी पहिलं तेच विचारलं, पाहिलंस का? कसं आहे? फाटकातच उभे होते, तिची पिशवीसुद्धा हातात घ्यायचं भान नव्हतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं: अगदी आपल्यासारखंच. ते एक वाक्य ती तेव्हापासून ओढत होती. पुढे एकेकाला चहाला बोलावून तिनेच सगळ्यांची तोंडं बंद केली होती. आता शरद ऋतूत ते पंचाहत्तर वर्षांचे होतील, भवनात मोठा समारंभ आहे, सगळ्या शिष्यांची चित्रं लागणार आहेत. तेवढं पार पडू दे, ती म्हणाली. त्यांच्याकडे दुसरं काय आहे?

झुराकानचा चहा तसाच होता.

"आणि माझं काय, एजे? मी सतरा वर्षांची होते."

बात्माने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे नव्हे, कपाळ पुसलं. चुलीचा धूर तिच्या अंगावर येत होता, तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "तुझं झालं ते होऊन गेलं. त्यांचं राहू दे."

झुराकान उठली आणि निघाली. नानला तोंड न लावता निघाली. ह्या मुलुखात असं कोणी करत नाही; भांडायला आलेला माणूससुद्धा तुकडा मोडून तोंडात टाकतो आणि मगच भांडत जातो. ती फाटकाशी पोचली तेव्हा मागून धापा टाकण्याचा आवाज आला. बात्मा एजे नानचा तुकडा हातात धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी, जवळजवळ पळत येत होती. तुकडा पुढे धरून उभी राहिली.

झुराकानने घेतला. चावला. गिळला. आणि रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की तिच्या हातचा नान खाऊन आपण गप्प राहायचा शब्द दिलाय.

तरीही तिने ते चित्र काढलंच. घराच्या मागच्या पडवीत, कोणाला न दाखवता. दुकानदाराकडच्या पिवळ्या नळ्यांपैकी एक त्याने पकडीने फोडून दिली. वरचा भाग दगड झाला होता, आत रंग मऊ होता. तपकिरी रंगाने पातळ आखणी, मग आभाळ, मग डोंगर, सगळं आगायनी शिकवलं तसं, खांद्याने. गवताला आली तेव्हा तिने समोर काही ठेवलं नाही. हात आपोआप चालत होता. पातळ, मग तेलकट. घोड्याच्या पोटाखाली एक ठिपका. ते दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते, आणि ते चांगले आहेत हे कळूनच तिला चीड येत होती, कारण असे दिवस पुष्कळ होऊ शकले असते.

वाळल्यावर तिने ते जुन्या चादरीत गुंडाळलं आणि आगायच्या घरी निघाली. शब्द गेला खड्ड्यात. फाटकाशी आली. अंगणात आगाय खुर्चीवर बसले होते आणि बात्मा एजे खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधत होती. आगाय वर आभाळाकडे बोट करून तिला काहीतरी सांगत होते. ढगाच्या कडेचा रंग असणार, दुसरं काय. बात्मा वर न बघताच मान डोलावत होती. हो, हो, अगदी तसंच.

झुराकान परत फिरली.

दुसऱ्या दिवशी तिने पिवळ्यावर जांभळा चढवला. नवा कॅनव्हास घेता आला असता, पण तिला तोच बुजवायचा होता. रागातच सुरुवात केली आणि रागामुळेच कुंचला कोरडा राहिला. रंग सलग बसेना. पात्यापात्यामधून खालचं पिवळं डोकावू लागलं. तिने ते तसंच ठेवलं. बुजवायचं म्हणून बसलेली ती, बघता बघता कुठे झाकायचं आणि कुठे उघडं ठेवायचं ह्यात गुंतून गेली. संध्याकाळ झाली तेव्हा गवत हलत होतं. जांभळंच होतं, पण जिवंत होतं. तिला रडू आलं नाही. तिने कुंचला धुतला आणि रात्रीसाठी कणीक मळली.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात ती चित्र घेऊन वर्गात गेली. आगाय गवतापाशी आले आणि थांबले. नाकातून श्वास सोडला नाही. चष्मा काढला, पुन्हा लावला, अगदी जवळ गेले, मग भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे गेले.

"हा उजेड आतून येतोय," ते म्हणाले. "कसा आणलास?"

आला आपोआप, झुराकान म्हणाली. जेक्शेनने आपल्या चित्रात डोकं खुपसलं. सही इथे नको, आगाय म्हणाले. समारंभात करीन, सगळ्यांसमोर. असं चित्र माझ्याकडे कोणी काढलेलं नाही.

समारंभाला अख्खं गाव लोटलं. भवनाच्या मोठ्या दालनात भिंतभर 'उझुन-बेलची संध्याकाळ' लागली होती, एकाशेजारी एक, जांभळ्या कुरणांची रांगच रांग. टेबलांवर कणकेच्या तळलेल्या गोळ्यांच्या, बोरसोकच्या, राशी, मटणाच्या वाफाळत्या पराती. एक पाहुणी राजधानीच्या संग्रहालयातून आली होती, मीर्गुल नावाची तरुण अधिकारी. जिल्हाप्रमुखाने मोठ्या हौसेने बोलावणं धाडलं होतं आणि धाडल्यानंतर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. ती रांगेवरून चालत गेली तेव्हा गावाने श्वास रोखला. ती शेवटपर्यंत गेली, परत आली, आणि म्हणाली, एका चित्रावर इतकं प्रेम मी कुठे पाहिलं नाही. पोरगी चांगल्या घरची होती. गावाने श्वास सोडला, आणि परातींवर हात पडले.

मग आगाय उठले. नवा कोट, डोक्यावर पांढरी टोपी, छातीवर जिल्ह्याने दिलेलं पदक. झुराकानचं चित्र त्यांनी मागवून घेतलं, उलटं केलं आणि टेबलावर ठेवून सही केली. हात थरथरत होता, म्हणून सावकाश केली. टाळ्या झाल्या. झुराकानने सही पाहिली. इतक्या वर्षांची वाट, आणि शाई ओलीच होती. तिला वाटलं होतं काहीतरी होईल आत, सुटेल किंवा भरून येईल. काही झालं नाही. तरी ती हसली, कारण म्हातारा तिच्याकडे बघत होता आणि फार खूष होता.

"आता एक गंमत सांगतो," आगाय म्हणाले. खूष असले की त्यांना गंमत सांगायची असायची. "ही झुराकान पूर्वी माझ्याकडे येऊन गेलीय. तुम्हांला वाटतं मी विसरलो? ही सतरा वर्षांची, दोन वेण्या. राजधानीला जायचं होतं. हेच चित्र काढलं, आणि गवत कसलं केलं असेल? पिवळं! गोठ्यातल्या कडब्यासारखं."

कोणीतरी हसलं. बाकीचे बशीत बघू लागले.

"मी म्हटलं, पोरी, तुझे डोळे मेंढपाळाचे आहेत, चित्रकाराचे नाहीत. पाठवली असती तर बाइझाकच्या चित्रासमोर उभं करून हसले असते हिला. माझ्या नावालाही हसले असते. रडत गेली होती. आणि आज बघा. जन्म गेला, पण डोळा उघडला. तेव्हा नाही म्हणालो म्हणूनच उघडला. काय, झुराकान? मानशील की नाही आभार?"

जेक्शेनचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्याने पेला इतका घट्ट धरला होता की फुटला असता. उम्सुनाय खिडकीबाहेर बघत होती. मीर्गुलने आपल्या हातरुमालाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. सगळ्यांना वाटलं, आता. आता ही बोलणार. तिचा हक्कच आहे.

झुराकान उठली. तिच्या हातात पेला होता, आणि तोंडात, इतके महिने होऊनही, त्या नानच्या तुकड्याची चव होती. तिने आगायकडे पाहिलं, त्यांच्या वर उचललेल्या भुवया, बाळासारखे ओले ओठ. मागच्या भिंतीवरच्या जांभळ्या कुरणांकडे तिने पाहिलं नाही.

"आभारी आहे, आगाय," ती म्हणाली, आणि खाली बसली.

टाळ्या वाजवायला पहिला हात उठला, पण तो वाजला नाही, कारण बात्मा एजेने चहाची किटली टेबलावर आपटली. ती पाहुण्यांना चहा वाढत फिरत होती आणि झुराकानच्या खुर्चीमागेच पोचली होती. उकळता चहा तिच्या हातावर उडाला होता, तो तिने पुसला नाही. पन्नास वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत नवऱ्याचं बोलणं तोडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिने एक हात झुराकानच्या खांद्यावर ठेवला, आधार द्यायला की घ्यायला, ते सांगता आलं नसतं.

"अहो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या टेबलापर्यंत गेला. "पोरगी बरोबर होती. ते गवत पिवळंच आहे. मी पाहिलंय. इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. फक्त तुम्ही नाही."